लोकशाळा आणि लोकशाही
उत्तर युरोपातील देशांच्या समाजजीवनाचा एक पाठ



युरोप खंडाच्या उत्तर टोकाला डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड हे पाच देश आहेत. भूगोलाच्या तासाला आपण त्यांची नावे मुलांना सांगतो. मध्यरात्रीचा सूर्य, बर्फ, सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये आणि मासेमारी एवढे सांगून झाले की पाठ संपतो. परंतु या देशांची खरी ओळख त्यांच्या हवामानात नसून त्यांच्या समाजरचनेत आहे. शिक्षण, औषधोपचार आणि वार्धक्यातील निर्वाह यांचा भार तेथे बव्हंशी समाजाने एकत्रितपणे उचलला आहे. त्यासाठी लोक जबर कर देतात, आणि आपला पैसा योग्य कामी लागतो असा विश्वास त्यांच्यात सर्वसाधारणपणे आढळतो.

हे ऐकल्यावर कोणीही सहज म्हणेल, "ते देश श्रीमंत आहेत, म्हणून त्यांना हे साधते." इतिहास मात्र निराळे सांगतो. एकोणिसाव्या शतकात हे देश युरोपातील गरीब देशांत मोडत असत. नॉर्वे आणि स्वीडन येथील लक्षावधी माणसे पोटासाठी अमेरिकेस गेली. फिनलंडवर १९१७ पर्यंत रशियाच्या सम्राटाची सत्ता होती. नॉर्वे १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता. आइसलंड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाला. तात्पर्य, संपत्ती आधी आली आणि नंतर सुव्यवस्था आली, असा क्रम तेथे नव्हता. एकत्र बसून विचार करण्याची, मत देण्याची आणि दिलेले मत पाळण्याची सवय तेथील खेड्यांना आधी लागली. ही सवय लावण्यात शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा किती होता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मुख्यतः डेन्मार्कचे उदाहरण घेऊ.

१. मोकळा झालेला, परंतु मुका शेतकरी

डेन्मार्क हा क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढा देश. तेथे १७३३ पासून एक कायदा होता. त्यान्वये शेतकरी कुटुंबातील पुरुषाला ऐन उमेदीच्या वयात आपल्या जमीनदाराची हद्द सोडून जाण्याची मुभा नव्हती. जमीनदाराला मजूर मिळावेत आणि सैन्याला शिपाई मिळावेत, हा त्यामागील हेतू. १७८८ मध्ये हे बंधन टप्प्याटप्प्याने उठविण्याचे ठरले. त्याच सुमारास विखुरलेल्या जमिनींचे एकत्रीकरण होऊन अनेक कुळे हळूहळू आपल्या शेताची मालक झाली. १८१४ मध्ये सात वर्षांचे प्राथमिक शिक्षण सर्व मुलामुलींना सक्तीचे करणारा कायदा झाला. आपल्याकडे पेशवाईची अखेर होण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट होय.

कायद्याने शेतकरी मोकळा झाला, त्याचे मूल शाळेत जाऊ लागले. तरी तो मुकाच राहिला. प्राथमिक शाळेत धर्मपुस्तकातील प्रश्नोत्तरे घोकून घेणे हीच अध्यापनाची रीत होती. उच्च शिक्षण लॅटिन शाळांतून मिळे, तेथे शेतकऱ्याच्या मुलाला प्रवेश जवळजवळ नव्हताच. सुशिक्षितांची भाषा एक आणि नांगरधाऱ्याची बोली दुसरी, अशी दुफळी होती. पुढे १८३५ च्या सुमारास राजाने सल्लागार सभा स्थापन केल्या आणि त्यांत जमीनधारक शेतकऱ्यांनाही स्थान मिळाले. तेव्हा एक नवाच प्रश्न उभा राहिला. शेतकऱ्याला सभेत बसण्याचा अधिकार मिळाला खरा. परंतु तेथे उभे राहून बोलण्याचे बळ त्याला कोण देणार?

२. ग्रुंटविग यांचा विचार

या प्रश्नाचे उत्तर निकोलाय ग्रुंटविग (१७८३–१८७२) यांनी दिले. ते धर्मोपदेशक, कवी आणि इतिहासाचे अभ्यासक होते. लॅटिन शाळेचा त्यांना स्वतःला अनुभव होता आणि त्या शाळेला ते 'मृत्यूची शाळा' म्हणत. जेथे पुस्तकातील मेलेली अक्षरे जिवंत मुलाच्या माथी मारली जातात, जेथे परीक्षेखेरीज दुसरे ध्येय नाही, ती शाळा माणसाला जीवनापासून दूर नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तिच्या जागी त्यांना 'जीवनाची शाळा' हवी होती. १८३० नंतरच्या दशकात त्यांनी या विषयावर अनेक पुस्तिका लिहिल्या.

त्यांची कल्पना थोडक्यात अशी. ही शाळा लहान मुलांसाठी नसून अठरा वर्षांवरील तरुणांसाठी असावी. कारण त्या वयात माणसाच्या मनात स्वतःविषयी आणि जगाविषयी खरे प्रश्न जागे होतात. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकत्र राहावे. मातृभाषा, देशाचा इतिहास, लोकगीते आणि राज्यकारभाराची ओळख हे मुख्य विषय असावेत. अध्यापन पुस्तकापेक्षा बोलण्यातून व्हावे. ते एकतर्फी नसावे, शिक्षकाने विद्यार्थ्यापासून आणि विद्यार्थ्याने शिक्षकापासून शिकावे. आणि शेवटची, सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे शाळेत प्रवेश-परीक्षा नसावी व अंतिम परीक्षाही नसावी. अशा शाळेला डॅनिश भाषेत 'फोल्केहॉइस्कोले' म्हणतात. आपण तिला 'लोकशाळा' म्हणू.

अशी पहिली शाळा १८४४ मध्ये रोडिंग या गावी निघाली. हे गाव श्लेसविग प्रांतात होते. या प्रांतात डॅनिश आणि जर्मन या दोन भाषांचा झगडा चालू होता. तेव्हा शेतकऱ्यांच्या मुलांना आपली भाषा आत्मविश्वासाने वापरता यावी, ही या शाळेची निकड होती. लोकशाळेचा जन्म मातृभाषेच्या प्रश्नातून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

३. कोल्ड : गोष्ट सांगणारा शिक्षक

विचारवंताची कल्पना खेड्यात रुजविण्याला दुसरा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे क्रिस्तेन कोल्ड (१८१६–१८७०). हा चांभाराचा मुलगा. अध्यापक विद्यालयातून शिकून शिक्षक झाला. धर्मपुस्तकातील पाठ मुलांकडून घोकून घ्यावेत असा नियम असताना तो तेच विषय मुलांना गोष्टीरूपाने सांगे. मुले तल्लीन होऊन ऐकत आणि ऐकलेले विसरत नसत. परंतु नियमभंग झाला म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला कायमची जागा नाकारली. तो एका धर्मप्रचारकाबरोबर तुर्कस्तानातील स्मर्ना शहरी गेला. तेथून १८४७ मध्ये परत येताना समुद्रमार्गे त्रिएस्तपर्यंत आल्यावर आपले सामान हातगाडीवर घालून, ती ओढीत, तो युरोप पायी ओलांडून मायदेशी पोचला.

१८५१ मध्ये त्याने फ्यून बेटावरील रिस्लिंगे गावी आपली लोकशाळा काढली. इमारत साधी, गवताने शाकारलेली. विद्यार्थी मूठभर. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच माळ्यावर झोपत, एकाच पंगतीला बसत. कोल्डला आरंभी चौदा-पंधरा वर्षांची मुले घ्यावयाची होती. ग्रुंटविग यांनी मात्र अठरा वर्षांचा आग्रह धरला होता. अनुभवाअंती कोल्डला ग्रुंटविग यांचे म्हणणे पटले. थोरल्या विद्यार्थ्यांना आयुष्याचा अनुभव असतो, म्हणून इतिहासातील गोष्ट त्यांना आपली वाटते, हे त्याच्या प्रत्ययाला आले.

त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. एका विद्यार्थ्याने खंत व्यक्त केली की, आपण जे सांगता ते ऐकताना फार आवडते, पण नंतर आठवत नाही. कोल्ड त्याला म्हणाला की, शेतात पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आपण नळ पुरतो, तेव्हा ते पुन्हा सापडावेत म्हणून वर खुणेच्या काठ्या रोवाव्या लागतात. पण धान्य पेरल्यावर काठ्या रोवाव्या लागत नाहीत, ते आपसूक वर येते. खेड्यातील शिक्षकाला यापेक्षा अधिक जवळचा दृष्टांत क्वचितच मिळेल. अर्थात पाढे, शुद्धलेखन आणि वाचन हे पुरलेल्या नळांसारखे आहेत. त्यांना खुणा लागतातच. परंतु शाळेत नळांखेरीज पेरणीही झाली पाहिजे, असे कोल्डचे सांगणे आहे.

४. पराभव आणि पुनर्बांधणी

१८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कचा पुरता पराभव झाला. श्लेसविग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग हे तीन प्रांत गेले. राज्याची सुमारे एक-तृतीयांश भूमी हातची गेली आणि सुमारे दोन लाख डॅनिश भाषक परक्या सत्तेखाली राहिले. पहिली लोकशाळा असलेले रोडिंग गावही सीमेपलीकडे गेले. तेथील शिक्षकांनी सीमा ओलांडली आणि अगदी जवळच, डेन्मार्कच्या बाजूला, आस्कोव्ह या गावी १८६५ मध्ये नवी लोकशाळा उघडली. पुढे ती देशातील सर्वांत नावाजलेली लोकशाळा झाली.

पराभूत राष्ट्रासमोर दोन मार्ग असतात. एक सूडाचा, दुसरा स्वतःला घडविण्याचा. डेन्मार्कने दुसरा मार्ग धरला. जटलंड द्वीपकल्पात खुरट्या झुडपांची मोठी पडीक माळराने होती. ती लागवडीखाली आणण्यासाठी एन्रिको दाल्गास यांच्या पुढाकाराने १८६६ मध्ये एक संस्था स्थापन झाली. माळावर वारा अडविणारी झाडे उभी राहिली, आडोशाला शेते आली. त्याच काळात लोकशाळांची संख्या झपाट्याने वाढली. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की तरुण शेतकरी पाच महिने शाळेत येऊन राहत; उन्हाळ्यात तीन महिने मुली येत. सकाळ सामुदायिक गाण्याने उजाडे. मग इतिहासाचे व्याख्यान, भाषा, हिशेब, जमिनीची मोजणी, रेखाचित्र, व्यायाम. सरकारने अनुदान दिले, परंतु काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार शाळेकडेच राहिला. विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र पडत नसे. तो शहरात नोकरी शोधीत न राहता आपल्या शेतावर परत जाई. लोकशाळेच्या यशाचे रहस्य काही अंशी या परत जाण्यात आहे.

५. दूध, लोणी आणि मत

१८७० नंतर अमेरिका आणि रशिया येथून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले. धान्याचे भाव कोसळले. डॅनिश शेतकरी धान्य विकून जगत होता, त्याच्यावर संकट ओढवले. त्याने धान्य विकण्याऐवजी गाई-डुकरांना खाऊ घालावयाचे आणि लोणी व डुकराचे मांस इंग्लंडला विकावयाचे ठरविले. परंतु चांगले लोणी मोठ्या जहागिरीवरच होत असे. तीन-चार गाईंच्या धन्याचे लोणी कधी आंबट, कधी खारट. त्याला भाव कोण देणार? १८७८ च्या सुमारास दुधातून साय वेगळी काढणारे, सतत फिरणारे यंत्र निघाले. ते एकट्याला परवडणारे नव्हते; गावाला मात्र परवडणारे होते.

१८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येदिंग या गावच्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा उभारली. तिचे नियम पाहण्याजोगे आहेत. सभासदाने घरच्या गरजेपुरते ठेवून बाकीचे सर्व दूध संस्थेलाच द्यावे. कर्ज सर्वांनी मिळून काढावे आणि त्याची हमी सर्वांनी मिळून घ्यावी. साय काढलेले दूध सभासदाला परत मिळावे. त्यावर त्याने डुकरे पोसावीत. नफा ज्याने जितके दूध घातले त्या प्रमाणात वाटावा. मत मात्र प्रत्येकाला एकच. ज्याच्या गोठ्यात साठ गाई त्यालाही एक मत आणि ज्याच्या गोठ्यात दोन गाई त्यालाही एकच मत, हे तत्त्व या चळवळीत रूढ झाले. १९०० पर्यंत अशा दुग्धशाळा एक हजारांवर गेल्या. १८८७ मध्ये होर्सेन्स येथे मांस-प्रक्रियेचा पहिला सहकारी कारखाना निघाला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लोकशाळा निघाल्या म्हणून दुग्धशाळा निघाल्या, असे सोपे समीकरण मांडणे योग्य नव्हे. मोठ्या जहागिरींवर दुग्धव्यवसायाचे ज्ञान अनेक पिढ्या वाढत आले होते. कोपनहेगनमध्ये प्राध्यापक फ्योर्ड यांनी दुधावर शास्त्रीय प्रयोग केले होते. आणि इंग्लंडची बाजारपेठ जवळ होती. लोकशाळेत लोणी काढण्याचे शिक्षण मुख्यत्वे दिलेही जात नसे. मग तिचे कार्य कोणते? शेजाऱ्याच्या दुधात आपले दूध मिसळावयाचे, त्याच्या कर्जाला आपली हमी द्यावयाची, सभेत विरोधी मत शांतपणे ऐकावयाचे आणि बहुमताचा निर्णय पाळावयाचा, यासाठी मनाची जी तयारी लागते ती लोकशाळेत होत असे. पाच महिने एका माळ्यावर राहून एकत्र गाणी गाइलेल्या आणि वादविवाद केलेल्या तरुणांना संस्था चालविणे परके वाटले नाही.

विश्वासाला हिशेबाची जोड नसेल तर काय होते, याचाही धडा या देशाला मिळाला. आल्बेर्ती नावाचे न्यायमंत्री शेतकऱ्यांच्या बचत-पेढीचे आणि लोणी-निर्यात संस्थेचे प्रमुख होते. या संस्थांतील प्रचंड रकमेचा अपहार केल्याची कबुली देऊन १९०८ मध्ये ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि पुढे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. सहकाराची चळवळ या धक्क्यातून सावरली. पण तपासणीवाचून विश्वास टिकत नाही, हे सर्वांना कळून चुकले.

६. खेड्यातून राजधानीकडे

१८४९ च्या राज्यघटनेने डेन्मार्कमध्ये निर्वाचित संसद आली. मताधिकार मात्र स्वतःचे घर असलेल्या, तीस वर्षांवरील पुरुषांनाच होता. स्त्रियांना आणि परघरी चाकरी करणाऱ्या नोकरांना तो नव्हता. १८७२ पासून कनिष्ठ सभागृहात शेतकरी पक्षाचे बहुमत असूनही राजा जमीनदार वर्गातूनच मंत्री नेमीत असे. १८८५ ते १८९४ या काळात तर संसदेची संमती नसतानाही तात्पुरत्या वटहुकुमांच्या बळावर अंदाजपत्रके राबविली गेली. शेतकऱ्यांनी शस्त्र उचलले नाही. सभा, वृत्तपत्रे, संस्था आणि निवडणुका यांच्या द्वारा त्यांनी हा लढा चालविला. १९०१ मध्ये राजाने माघार घेतली आणि लोकसभेचा विश्वास असलेले पहिले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्या मंत्रिमंडळात शिक्षणखाते येन्स क्रिस्टियान क्रिस्टेन्सेन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ मूळचे खेड्यातील प्राथमिक शिक्षक. १९०३ च्या कायद्याने त्यांनी प्राथमिक शाळा आणि उच्च शाळा यांच्यामध्ये जोडणारी पायरी निर्माण केली आणि १९०५ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९१५ मध्ये स्त्रियांना व नोकरवर्गाला संसदेचा मताधिकार मिळाला.

शहरांत कामगारांची चळवळ वाढत होती. त्यांनीही शेतकऱ्यांचा कित्ता गिरविला आणि १९१० मध्ये एस्ब्येर्ग येथे आपली पहिली लोकशाळा काढली. १९३३ मध्ये जगभर मंदी असताना, ज्या दिवशी जर्मनीत हिटलर चॅन्सेलर झाला त्याच दिवशी, म्हणजे ३० जानेवारीला, पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या कोपनहेगनमधील घरी कामगार पक्ष आणि शेतकरी पक्ष यांच्यात समझोता झाला. शेतकऱ्याला भावाचा आधार आणि कामगाराला सामाजिक सुरक्षितता असा तो सौदा होता. दोन्ही पक्ष आपापल्या सभांतून बोलावयास आणि ऐकावयास शिकले होते, म्हणून त्यांना देवघेव करता आली.

७. शेजारी देशांत

लोकशाळेचे बीज शेजारी देशांत लवकरच पडले. नॉर्वेमध्ये १८६४ मध्ये, स्वीडनमध्ये १८६८ मध्ये आणि फिनलंडमध्ये १८८९ मध्ये पहिल्या लोकशाळा निघाल्या. स्वीडनने त्यात आणखी एक भर घातली. दारूबंदीच्या चळवळीतील ऑस्कर ओल्सोन यांनी १९०२ मध्ये लुंड येथे 'अभ्यासमंडळा'ची पद्धत सुरू केली. दहाबारा जणांनी एकत्र यावे, वर्गणी काढून पुस्तके घ्यावीत, ती आळीपाळीने वाचावीत आणि त्यांवर चर्चा करावी. तज्ज्ञ व्याख्यात्याची गरज नाही. ही पद्धत कामगार संघटनांनी उचलली आणि ती आजतागायत चालू आहे. फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग असतानाच १९०६ मध्ये तेथील स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क मिळाला. पुढील वर्षी १९ स्त्रिया संसदेत निवडून आल्या. १९३३ मध्ये स्वीडनमध्येही, आणि १९३५ मध्ये नॉर्वेमध्ये, कामगार व शेतकरी पक्षांत समझोते झाले. १९५२ मध्ये या देशांनी नॉर्डिक परिषद स्थापन केली. फिनलंड तीत १९५५ मध्ये सामील झाला.

आपल्या देशातही या प्रयोगाची दखल घेतली गेली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८–४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने ग्रामीण विद्यापीठांचा विचार करताना डेन्मार्कच्या लोकशाळांचा आधार घेतला. पुढे १९५६ च्या सुमारास देशात ज्या ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू झाल्या, त्यांत महाराष्ट्रातील गारगोटी आणि अमरावती येथील संस्थांचा समावेश होता.

८. याच शाळेचे दुसरे रूप

एवढे वाचून या देशांत सारे काही गोमटेच आहे असा ग्रह होऊ नये. उत्तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड येथे सामी नावाचा आदिवासी समाज राहतो. रेनडिअर पाळणे आणि मासेमारी हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. त्यांची भाषा निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नॉर्वेने सामी मुलांना नॉर्वेजियन बनविण्याचे धोरण स्वीकारले. मुले वसतिगृहाच्या शाळांत नेली गेली. वर्गात त्यांच्या मातृभाषेला थारा नव्हता. अनेक आईबाप पुढे आपल्या मुलांशी सामी भाषेत बोलेनासे झाले, कारण त्या भाषेची त्यांना लाज वाटावी अशीच व्यवस्था शाळेने केली होती. हे सर्व करणारे शिक्षक दुष्ट होते असे नव्हे. आपण मुलांचे कल्याण करीत आहोत अशीच त्यांतील बहुतेकांची समजूत असावी.

डेन्मार्कनेही तेच केले. १९५१ मध्ये ग्रीनलंडमधील २२ मुलांना आईबापांपासून दूर करून डेन्मार्कमध्ये आणले गेले. त्यांनी डॅनिश शिकावे आणि परत जाऊन आपल्या समाजाचे पुढारी व्हावे, अशी योजना होती. परत गेल्यावर त्यांपैकी बहुतेकांना घरी न धाडता मुलांच्या आश्रमात ठेवण्यात आले. आपल्या आईशी बोलावयास त्यांना भाषा उरली नव्हती. ज्या देशाने मातृभाषेच्या रक्षणासाठी पहिली लोकशाळा काढली, त्याच देशाने शंभर वर्षांनी दुसऱ्याच्या मुलांची मातृभाषा हिरावून घेतली. यापेक्षा अधिक गंभीर इशारा शिक्षकाला कोणता असू शकेल?

पुढे या देशांनी आपली चूक मान्य केली, हेही सांगितले पाहिजे. नॉर्वेत १९८९ मध्ये सामी लोकांची स्वतंत्र संसद स्थापन झाली. स्वीडनमध्ये १९९३ मध्ये आणि फिनलंडमध्ये १९९६ मध्ये तशाच संसदा आल्या. नॉर्वेचे राजे हाराल्ड यांनी १९९७ मध्ये सामी संसदेत माफी मागितली आणि २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेनेही ती मागितली. ग्रीनलंडच्या त्या मुलांची डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी २०२० मध्ये माफी मागितली, तेव्हा बावीसांपैकी केवळ सहाजण हयात होते.

आज डेन्मार्कमध्ये सत्तरांहून अधिक लोकशाळा आहेत. शेतकऱ्यांची संख्या घटल्यामुळे तेथे आता शहरातील तरुणही येतात. संगीत, चित्रकला, क्रीडा, समाजशास्त्र शिकतात. परीक्षा अजूनही नाही. गावोगावच्या छोट्या दुग्धशाळा मात्र एकमेकींत विलीन होत गेल्या आणि २००० मध्ये डेन्मार्क व स्वीडन यांच्या मोठ्या सहकारी संस्था एकत्र येऊन एकच प्रचंड संस्था झाली. गावच्या सभेत हात वर करून निर्णय घेण्याचे दिवस तेथेही मागे पडले आहेत. परदेशांतून आलेल्या लोकांना समाजात कसे सामावून घ्यावे, यावरून तीव्र मतभेद आहेत. लोकशाहीचा पाठ एकदा शिकून संपत नाही, हेच यावरून दिसते.

९. आपण काय घ्यावे

डेन्मार्कची लोकशाळा जशीच्या तशी उचलून आपल्या गावी आणता येणार नाही. आपली शाळा लहान मुलांची आहे. तिला अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, नोंदी आहेत. तथापि तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पहिली गोष्ट बोलण्याची. दर आठवड्याला एक तास असा ठेवावा की, ज्यात मुले बोलतील आणि शिक्षक ऐकतील. विषय गावचा असावा : पाणी, रस्ता, जत्रा, शाळेची बाग. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, एवढाच नियम.

दुसरी गोष्ट एकत्र निर्णय घेण्याची. शाळेची बालसभा कागदावर न ठेवता तिच्याकडे एखादे खरे काम सोपवावे. बागेत काय लावावे, वाचनालयाची पुस्तके कोणी सांभाळावीत, हे मुलांनी मताने ठरवावे. ठरलेले चुकले तरी शिक्षकाने ते परस्पर बदलू नये; पुढच्या सभेत मुलांनाच बदलू द्यावे. जमाखर्च असेल तर तो फळ्यावर लिहावा. आल्बेर्ती प्रकरणाचा धडा लहानपणीच मिळालेला बरा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या जिल्ह्यांतील कित्येक शाळांत गोंडी, भिली, कोरकू, वारली बोलणारी मुले येतात. इतरत्रही घरची बोली आणि पुस्तकातील प्रमाण मराठी यांत अंतर असते. मुलाला प्रमाण भाषा आलीच पाहिजे. तिच्याविना पुढील वाट बंद होते. परंतु तिच्याकडे नेणारा रस्ता त्याच्या घरच्या बोलीवरून जावा, ती बोली पुसून नव्हे. मुलाने घरचा शब्द उच्चारला आणि वर्ग हसला, तर त्या क्षणी शिक्षकाने काय करावे हा क्षुल्लक प्रश्न नव्हे. रोडिंगची शाळा आणि सामी मुलांची वसतिगृहे यांतील अंतर नेमके त्या क्षणात सामावलेले आहे.

केंद्रातील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. लोकशाळेत दुग्धव्यवसायाचे शिक्षण मुख्यत्वे दिले जात नसतानाही तिचा सहकारी चळवळीला उपयोग का झाला असावा?

२. आपल्या शाळेतील कोणते विषय कोल्डच्या दृष्टांतातील 'पुरलेले नळ' आहेत आणि कोणते 'पेरलेले धान्य'? दुसऱ्या प्रकाराला आपण आठवड्यातून किती वेळ देतो?

३. आपल्या गावातील दूध संस्था किंवा पतसंस्था यांत 'प्रत्येकाला एकच मत' हे तत्त्व कसे पाळले जाते? वरच्या वर्गातील मुलांना तेथे नेऊन त्याची माहिती करून देता येईल काय?

४. आपल्या वर्गात घरची भाषा निराळी असलेली मुले किती आहेत? त्यांच्या भाषेतील किमान पन्नास शब्दांची यादी मुलांच्या व पालकांच्या साहाय्याने तयार करावी आणि ती पुढील परिषदेत सादर करावी.